पादचारी

एकटा असतो तेव्हा तो नाकतोडा.
मातीच्या रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दुसऱ्याचे पाय त्याच्या पायांना घासले,
पुन्हा घासले, दिवसभर घासत राहिले
की त्याचा टोळ होतो.
हे मला बापाने सांगितलं, इसाक मालगासने,
थंड राखेत बोटाने रेघा ओढत.

आम्ही फरखेनूख नावाच्या मळ्यावर राहायचो.
अर्थ असा : पुरे, इतकं लांब बस्स.
कारूच्या पठारावर,
जिथे मेंढी एका झुडपापासून दुसऱ्या झुडपापर्यंत
जाता जाता म्हातारी होते.
पवनचक्की फिरायची, नळातून हवा कर्रकर्र यायची.
बाप लोकर कातरायचा.
मग कातरायला मेंढ्या उरल्या नाहीत.
मग कुंपणाच्या तारा ताणायचा.
मग नुसताच बसायचा, ताणलेल्या तारेसारखा.

मी आठ वर्षांची असताना एकदाचं पाणी पडलं.
दहाव्या दिवशी जमीन सरकू लागली.
नारिंगी, काळी, बिनपंखांची पिल्लं,
आमच्या भाषेत त्यांना पादचारीच म्हणतात,
सगळी एका दिशेला तोंड करून,
कुणी हाक मारल्यासारखी.
नवं गवत त्यांच्यापुढे हिरवं होतं
आणि त्यांच्यामागे नव्हतं.
मेंढ्या मध्येच उभ्या, खालचा ओठ लोंबत,
काय गेलं ते न कळून.

मळेवाले देवाला आठवत होते.
आई दुकानात साखर मोजून घेत होती.
फिल्यूनसाहेबाचा पिकअप आमच्या दारात थांबला होता :
टोळ आले म्हणजे हजेरी आली.
माझे पहिले बूट टोळांनी घेतले.

संध्याकाळी थवा कुठे उतरतो ते बघायचं,
तारेला चिंधी बांधायची, परत यायचं.
पहाटे तीनला पाठीवर पंप.
गारठलेले असतात तेव्हा, उडता येत नाही,
फांद्या वाकवून बसलेले, एकमेकांना बिलगून.
बाप म्हणायचा, झोपलेल्याला मारायचं काम आहे हे,
आणि दुपारपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही.
उजाडलं की झुडपांखाली सळसळ.
मग तीही नाही.
मग करकोचे यायचे, आणि बाप त्यांना दगड मारून हाकलायचा :
खाऊ नका रे, खाऊ नका.

त्याचा शेवटचा हंगाम तीन वर्षांपूर्वीचा.
जुन्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी बॅटरीच्या उजेडात
त्याला माद्या दिसल्या,
शेपट्या मातीत खुपसून,
गोधडीला टाके घालणाऱ्या बायांइतक्या गुंग.
त्याने बॅटरी विझवली.
नोंदवहीत लिहिलं : काही नाही.

हे त्याने दवाखान्यात सांगितलं,
नाकात नळी, आवाज हवेच्या नळासारखा.
लोक पोरांसाठी जमीन ठेवतात, गाय ठेवतात.
तो म्हणाला, बंधाऱ्याखाली तुझ्यासाठी ठेवलंय.
मला वाटलं, पैसे पुरलेत.

त्यानंतर तीन वर्षं कोरडी गेली.
मी शाळेच्या फरशा पुसल्या, मग शाळा बंद झाली.
आता पाणी पडलंय. आज नववा दिवस.
पंप माझ्या पाठीवर आहे,
नोंदवही माझ्या काखेत,
आणि कुंपणापलीकडे हेस्टर थेरॉन
वेताला आलेल्या साठ मेंढ्या मोकळ्या सोडतेय,
लांबूनच हात हलवतेय :
गवत बघितलंस का, लेना?

बघितलं.

बंधाऱ्याची माती अजून गप्प आहे.
तांदळाएवढं काहीतरी खाली जागं होतंय,
की माझाच पाय थरथरतोय, सांगता येत नाही.
हेस्टरला हाक मारली तर ऐकू जाईल
इतक्याच अंतरावर ती आहे.
आज बोलले तर एका टाकीत भागेल,
एका दिवसाची हजेरी.
आठवडाभर थांबले तर सबंध उन्हाळ्याची.

बुटाच्या नाडीवर काहीतरी चढतंय.
नखाएवढंही नाही.
रंग अजून ठरलेला नाही.
एकटंच आहे.
मी पाय हलवत नाही.